आवाजाची धार

कानसेनला त्या डोक्याची किळस होती.

डोकं माणसाचं नव्हतं. मोजणीच्या खोलीत, टेबलाच्या मधोमध, मानेखाली कापून ठेवल्यासारखं ते बसवलेलं असायचं. करड्या रंगाचं, टक्कल पडलेलं, ना डोळे ना तोंड, नाकाच्या जागी नुसता उंचवटा. कान मात्र हुबेहूब. मऊ रबराचे, पाळ्यांसकट, बोटाने दाबले की दबणारे आणि सोडले की सावकाश वर येणारे. आपल्या कानात जिथे पडदा असतो तिथे त्याच्या कानात मायक्रोफोन होते. त्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, अगदी खालच्या घुमण्यापासून चिलटाच्या गुणगुणीपर्यंत चढत जाणारा एकच एक सूर वाजवायचा, आणि रबरी कानांना कुठला सूर किती मोठा ऐकू आला त्याची रेघ पडद्यावर उमटवायची, हे त्या खोलीतलं काम. रेघ जिथे वर चढेल तिथे आवाज जास्त, खाली उतरेल तिथे कमी. एवढ्यासाठी मालकाने अख्खी खोली जाड स्पंजने मढवून दिली होती, आणि शिकलेली एक बाई पगारावर ठेवली होती. कानसेन तिला मोजणीबाई म्हणायचा. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून.

ती रोज सकाळी त्या रबरी कानांना फडक्याने पुसायची तेव्हा कानसेन तोंड फिरवायचा. लहान मुलाचे कान पुसावेत तसं ती मागून, वळीतून, पाळीखालून पुसायची. आणि सूर वाजवताना तर तिचं नाटक विचारू नका. सूर चढत चढत जायचा, संपायचा, आणि संपल्यावरही ही बाई बोट वर करून 'थांबा, बोलू नका' म्हणून खुणावत बसायची. खोलीत काही वाजत नसायचं आणि ही पडद्याकडे डोळे लावून. असला दिखाऊपणा कानसेनच्या डोक्यात जायचा.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हा हेडफोनचा कारखाना थोरल्या मालकांनी काढला तेव्हा तो तिथे तारा डाखायच्या, म्हणजे कथलाचा टाका मारून जोडायच्या बाकावर कामाला लागला होता. एकदा शेजारच्या बाकावर बारीक स्पीकरांची तपासणी चालली होती. हा मान खाली घालून आपलं डाखत होता, आणि मान वर न करताच म्हणाला, की आता वाजला तो घासतोय. थोरल्या मालकांनी तो स्पीकर उघडून बघायला लावला. आत पातळ पडद्याला कुणाचा तरी एक केस चिकटला होता. बाकावरची माणसं थट्टेने त्याला कानसेन म्हणू लागली. थट्टा चारदोन वर्षांत जिरली आणि नाव तेवढं राहिलं.

थोरल्या मालकांनी त्याला बाकावरून उठवून वरच्या मजल्यावरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि कारखान्यात एक रीत पाडली. नवा हेडफोन कितीही चांगला दिसो, कानसेनने तो डोक्यावर चढवून, डोळे मिटून, ऐकून मान हलवल्याशिवाय विक्रीला जायचा नाही. नाही आवडला तर कानसेन स्वतः तो उघडायचा. आत स्पंजची चकती टाकायची, कागदाला भोकं पाडून लावायचा, मागचं भोक पट्टीने अर्धं बुजवायचं, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा नखाएवढा कापून बघायचा, परत ऐकायचं. हे हात त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याची बोटं आणि त्याचे कान यांचं आपसात काहीतरी ठरलेलं असायचं. त्या खुर्चीवर त्याचं आयुष्य गेलं, आणि चांगलं गेलं. पहिल्या वर्षांतले त्याचे हेडफोन अजून काही लोक जपून वापरतात.

त्याचा आवडता शब्द होता धार. आवाजाला धार पाहिजे, तो म्हणायचा. गाणाऱ्याच्या ओठांची हालचाल कळली पाहिजे, तारेवर नख लागलेलं कळलं पाहिजे. धार नसली की तो तोंड वाकडं करून म्हणायचा, "हा आवाज नव्हे, चिखल आहे," आणि हेडफोन असा ठेवायचा की जणू हात धुवायला हवा. जसजशी वर्षं गेली तसतसा त्याला जगात सगळीकडे चिखलच दिसू लागला. इतर कंपन्यांचे हेडफोन चिखल. नवी गाणी चिखल. त्याने पूर्वी स्वतः मान हलवून सोडलेले जुने हेडफोनसुद्धा एकदा कपाटातून काढून ऐकले तर तेही मऊ, मिळमिळीत. पूर्वी आपल्याला समज कमी होती असं त्याने ठरवलं आणि पुढच्या हेडफोनला आणखी धार लावली.

माल परत यायचा तो त्याच्याच टेबलावर. त्या खोक्याचं झाकण उघडायलाही त्याला नको व्हायचं. कानाच्या गाद्या तेलकट, त्यांना चिकटलेले केस, कुणाचा घाम, कुणाच्या अत्तराचा शिळा वास, एकीवर तर चक्क कानातला मळ. आणि सोबत तक्रार ठरलेली, आवाज टोचतो, थोडा वेळ ऐकलं की डोकं दुखतं. कानसेन चिमटीत धरून एकेक बाहेर काढायचा आणि म्हणायचा की लोकांना कान राहिलेले नाहीत, नुसती भोकं आहेत. हेडफोनचं परीक्षण लिहिणाऱ्यांवर तर त्याचा आणखीच राग. एक जात मखमली, उबदार, लोण्यासारखा असं लिहिणारी, तिला तो म्हणायचा कापडदुकानदार. दुसरी जात ऐकण्याआधी रेघ बघणारी. तिच्याबद्दल बोलताना त्याला धड शिवीही सुचायची नाही.

थोरले मालक गेले, मुलगा मालक झाला, आणि त्याने मोजणीबाईला आणलं. तिने आल्या आल्या कपाटातले जुने नवे सगळे हेडफोन त्या डोक्यावर चढवले आणि एकाखाली एक रेघा काढून कानसेनसमोर मांडल्या. रेघेच्या उजव्या टोकाला, जिथे उंच सूर असतात, तिथे एक टेकाड होतं. सुरुवातीच्या हेडफोनात नव्हतंच. मग उगवलं, आणि प्रत्येक नव्या हेडफोनात वाढत वाढत त्याचा डोंगर झाला होता. हा डोंगर लोकांना टोचतो, ती म्हणाली.

कानसेनने विचारलं, की तुमच्या त्या डोक्याला गाणं कळतं का? ती चिडली नाही, हेच त्याला जास्त झोंबलं. डोक्याला काही कळत नाही, असं तिने शांतपणे कबूल केलं. पण खूप माणसांना बसवून, ऐकवून, काय आवडतं ते विचारून, बहुतेकांना जी रेघ पसंत पडते ती आता माहीत झाली आहे. तिच्यापासून फार लांब गेलं की बहुतेकांना आवडत नाही. एखाद्याला आवडेलही. बहुतेक हा शब्द ऐकून कानसेनला ओकारी यायची बाकी राहिली. बहुतेकांना आवडतं ते विकायचं तर कारखान्यात खुर्ची कशाला, असं तो म्हणाला.

आणि ती रेघ तरी कुठे एक होती? त्याने तिला पकडलंच. हेडफोन काढून परत चढवला की रेघेचा डावा भाग, खालच्या सुरांच्या घुमाऱ्याचा, बदलायचा. गादी जरा पुढेमागे बसली की बदलायचा. चष्मा लावणाऱ्याच्या कानामागे फट राहते आणि तिथून घुमारा सगळा गळून जातो, आणि तुमचं डोकं तर चष्मा लावत नाही, तो म्हणाला. तिने तेही मान्य केलं. म्हणूनच ती प्रत्येक हेडफोन पुन्हा पुन्हा चढवून सगळ्या रेघांची सरासरी काढायची, आणि चष्म्याचं खरं आहे म्हणाली. पण डोंगर प्रत्येक वेळी तिथेच यायचा.

घरीही त्याच्या वाट्याला चिखलच होता. त्याची बायको गेली काही वर्षं पुटपुटायला लागली होती. पूर्वी खणखणीत बोलणारी बाई, आता शब्दांची टोकं गिळायची. स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची आणि कानसेन कपाळाला आठ्या घालून म्हणायचा की तोंडातल्या तोंडात बोलू नकोस, मला त्याचा वीट आला आहे. ती गप्प व्हायची. आणि मुलगी. कारखान्यातून आलेला प्रत्येक नवा हेडफोन तो सगळ्यांत आधी मुलीला द्यायचा. एकदा ती खिडकीत बसून ऐकत होती, आणि तिच्या डोक्यावर दुसऱ्याच कंपनीचा, अगदी हलका, भिकार प्लॅस्टिकचा हेडफोन होता. त्याने दिलेला खोक्यातच होता, वरचा पातळ कागदही न फाटलेला. कान गरम होतात बाबा तुमच्याने, ती म्हणाली. तो आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही.

नवा हेडफोन तयार झाला तेव्हा भांडण पेटलं. कानसेनने त्याला आपली धार लावली. मोजणीबाईने तोच हेडफोन डोंगर कापून, आपल्या रेघेप्रमाणे बसवला. कानसेनने तिचा कानाला लावला आणि लगेच काढला. उशी तोंडावर दाबून कुणीतरी बोलतंय असं त्याला वाटलं. तरुण मालक दोघांच्या मध्ये सापडला. शेवटी त्याने ठरवलं की कुठला हेडफोन वाजतोय ते न सांगता, पडद्याआड परीक्षा घ्यायची. कारखान्यातली आणि बाहेरची माणसं बसवायची आणि त्यांनी पसंती द्यायची. कानसेनचा हेडफोन वर आला तर मोजणीची खोली बंद, त्यात गोदाम करायचं. बाईचा वर आला तर खुर्ची बंद. बोलताना त्याने कानसेनकडे पाहिलं नाही.

परीक्षेची रीतही बाईनेच ठरवली. हेडफोन हातात आला की वजनावरून, गादीवरून ओळखू येतो आणि मग माणूस कानाने नाही तर डोळ्याने ऐकतो, असं तिचं म्हणणं. म्हणून सगळ्यांना एकच साधा हेडफोन द्यायचा आणि या दोन आणि इतर काही हेडफोनांचा आवाज त्यातूनच कॉम्प्युटरने हुबेहूब काढायचा. कानसेनने नाक मुरडलं, पण हरकत घेतली नाही. त्याची छाती फुगलेली होती. आपलं मूल काय आपल्याला अंधारात ओळखू येणार नाही, तो म्हणाला.

आधी प्रत्येकाच्या कानांची तपासणी होती. कपाटाएवढी एक काचेची पेटी, आत स्टूल, हातात बटण. बारीक सूर ऐकू आला की दाबायचं. कानसेन आत बसला, झरझर बटण दाबत गेला. मग मशीन बंद पडलं. त्याने वाट पाहिली. पुन्हा एकदा वाजलं, पुन्हा बराच वेळ बंद. काचेपलीकडे बसलेल्या बाईला त्याने हाताने खूण केली की अहो, चालू करा. तिने नुसती मान हलवली. बाहेर येऊन त्याने मालकाला ऐकू जाईल असं सांगितलं की बाई रेघा मोठ्या काढतात, पण साधं मशीन धड ठेवता येत नाही. ती तेव्हाही काही बोलली नाही. आणि बोलली नाही याचा त्याला विजय वाटला.

पडद्यामागे आवाज बदलत गेले आणि त्याचा आवाज आला तेव्हा कानसेनने क्षणात ओळखला. पुन्हा आला, पुन्हा ओळखला. क्रम उलटासुलटा केला तरी एकदाही चुकला नाही. बाहेर आला तो मिशीतल्या मिशीत हसत. खाली बाकांवर जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं की गोदामाला रंग कुठला द्यायचा ते ठरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला मोजणीच्या खोलीत बोलावलं. बाई होती, टेबलावर ते डोकं होतं. मालकाने खाकरून सांगितलं की काका, तुम्ही तुमचा हेडफोन प्रत्येक वेळी बरोबर ओळखला, तुमच्याइतकं कुणालाच जमलं नाही. पण बाकीच्यांच्या पसंतीत बाईंचा सगळ्यांत वर होता आणि कानसेनचा अगदी खाली. म्हाताऱ्यांनी थोडा कमी खाली, तरुणांनी तळाला.

कानसेन म्हणाला की माणसं बहिरी आहेत. मालकाने बाईकडे पाहिलं. बाईने भिंतीवरच्या स्पीकरमधून तो रोजचा चढता सूर लावला आणि नेहमीसारखं बोट वर केलं. सूर घुमला, चढला, कोवळा झाला, बारीक झाला, संपला. "संपला," कानसेन म्हणाला. बाईचं बोट वरच होतं. त्याने चिडून मालकाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. मालकाने दोन्ही कानांत बोटं घातली होती. त्याचे डोळे बारीक झाले होते, तोंड आंबट झालं होतं. अख्खी खोली चिडीचूप होती आणि त्या चिडीचूप खोलीत एक धडधाकट माणूस कळवळून उभा होता.

बाईने बोट खाली घेतलं तेव्हा मालकाने बोटं काढली.

"मशीन बंद पडलं नव्हतं, सर," बाई कानसेनला म्हणाली. मग तिने पडद्यावर दोन रेघा आणल्या. एक त्याच्या हेडफोनची, उजवीकडे डोंगर असलेली. दुसरी कानांच्या तपासणीची, उजवीकडे खड्डा असलेली. तिने दुसरी रेघ उलटी करून पहिलीवर ठेवली. डोंगर खड्ड्यात बसला. झाकण डब्याला बसतं तसा बसला, कुठे फट राहिली नाही. "तुम्ही चुकीचं ऐकलं नाहीत. तुमच्या कानांना जेवढं कमी पडत गेलं, तेवढं तुम्ही बरोबर भरत गेलात. रोज मोजणारी मी, मलासुद्धा इतकं अचूक जमलं नसतं. पण ते कान तुमचे आहेत. हा हेडफोन जगात एकाच माणसाला नीट ऐकू येतो."

कानसेनच्या डोळ्यांसमोर ते परत आलेलं खोकं आलं, तेलकट गाद्या, चिकटलेले केस. त्या प्रत्येक गादीत कुणाचा तरी कान होता, आणि त्या कानात त्याने वर्षानुवर्षं सुया टोचल्या होत्या, आणि वर त्या माणसाला भोकं म्हटलं होतं. तो बाहेर पडला. जिन्यात त्याला स्वतःच्या कानांना हात लावून बघावासा वाटला आणि लावताच शिसारी आली. मऊ होते, पाळ्यांसकट, दाबले की दबणारे.

घरी मुलगी होती. त्याने चपलाही न काढता तिला विचारलं, की माझे हेडफोन टोचतात का. ती आधी टाळाटाळ करत होती, मग म्हणाली, "पहिल्यापासून टोचायचे, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले." वाईट वाटेल म्हणून. त्याला मुलीच्या खोटेपणाचा राग यायला हवा होता, पण आला तो तिच्या दयेचा. आपण सर्वांना तोंडावर चिखल म्हणत फिरलो आणि ही सगळी आपल्याला सांभाळून घेत बसली, या विचाराने त्याला कुठे तोंड लपवावं ते कळेना. बायको दारात येऊन उभी राहिली होती. मग त्याने तिलाही विचारलं, की मी तुला पुटपुटतेस म्हणायचो तेव्हा तू काही बोलली का नाहीस.

"काय बोलणार?" ती म्हणाली, आणि आज तिने प्रत्येक शब्द सुटा सुटा, त्याच्याकडे तोंड करून उच्चारला. "मला वाटलं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाही. मग मी बोलणंच कमी केलं."

सकाळी तो वेळेवर कामावर गेला. खुर्ची रिकामी करायला गेला होता, पण मालक दारातच उभा. तो चांगला मुलगा होता आणि चांगल्या मुलांना ज्या वाईट गोष्टी सुचतात त्यातली एक त्याला रात्रीत सुचली होती. पैजेचं मनावर घेऊ नका, तो म्हणाला. बाबांची रीत आहे, मोडायची नाही. बाईंचा हेडफोन विक्रीला जाऊ दे, पण तुम्ही खुर्चीत बसा, ऐका, मान हलवा, म्हणजे झालं. खाली सगळ्यांना तुमचीच मान दिसेल. मोजणीबाई मागे हेडफोन घेऊन उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. तिलाही या देखाव्याचा कंटाळा आलेला स्पष्ट दिसत होता, आणि कानसेनला पहिल्यांदाच तिच्याबद्दल बरं वाटलं.

तो खुर्चीत बसला. हेडफोन चढवला, डोळे मिटले. गाणाऱ्या बाईच्या आवाजावर कुणीतरी जाड कांबळं टाकलं होतं. शब्दांची टोकं नव्हती, तारेवर नख नव्हतं. हे खरं बरोबर आहे, बाकी सगळ्यांना यात टोकंही ऐकू येतात आणि नखही, हे त्याला आता माहीत होतं. तरी त्याच्या घशाशी आलं. त्याने जबरदस्तीने गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मालक वाकून त्याच्याकडे बघत होता.

"आवडला ना, काका?"

"नाही. निव्वळ चिखल आहे. इतकी किळस मला आजपर्यंत कशाची आली नाही," कानसेन म्हणाला. मालकाला ती थट्टा वाटली आणि तो हसला. कानसेन खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, हेडफोन मोजणीबाईच्या हातात दिला आणि तिच्याकडेच बघून म्हणाला, "म्हणून हा विक्रीला जाऊ दे. आणि मान हलवायला मला नका बोलावू आता. ओकारीच बघायची असेल तर बोलवा. मला ज्याची ओकारी येईल, तो माल बिनघोर पाठवत जा."